'मेक -जे८' दिलं की बिल्ड कधी होतो, कधी फुटतो. काय करावं?

तुमचं म्हणणं असं: साधं 'मेक' (सोर्स फाइलींतून प्रोग्रॅम बांधणारं साधन) चालवलं तर सगळं ठीक, '-जे८' (एकाच वेळी आठ कामं) दिलं की अधूनमधून 'पार्सर.एच सापडत नाही', पुन्हा चालवलं की पास. कंपायलरला '-एमएमडी' हा पर्याय लावलेला आहे, आणि टीममधले म्हणतात, '-जे' काढून टाक.

काढू नका. मी पुण्यात, हिंजवडीत, गाड्यांच्या कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरचे बिल्ड सांभाळतो. असं दिसलं की मी आधी मेकफाइल (मेकचे नियम लिहिलेली फाइल) उघडतो, कारण त्यात बहुतेक वेळा एखादी डिपेंडन्सी, म्हणजे कशाआधी कोणती फाइल हवी ते, लिहायची राहिलेली असते. एकेक काम चालताना क्रम योगायोगाने जुळतो आणि ते झाकलं जातं, इतकंच.

पार्सर.एच ही हेडर फाइल बिल्ड चालू असतानाच बायसन (पार्सरचा कोड बनवणारं साधन) तयार करतो. '-एमएमडी' हेडरच्या डिपेंडन्सी '.डी' फाइलीत लिहून देतं, पण कंपाइल होताना. कोऱ्या बिल्डमध्ये '.डी' फाइल नसतेच, मग मेन.ओ ही ऑब्जेक्ट (कंपाइल झालेली) फाइल बनवण्याआधी पार्सर.एच तयार हवी, हे मेकला कळणार कुठून? दुसऱ्या खेपेला हेडर आधीच बनलेली असते, म्हणून पास. उपाय एका ओळीचा: सगळ्या ऑब्जेक्ट फाइलींच्या नियमात उभी रेघ (|) देऊन तिच्यापुढे पार्सर.एच लिहा. रेघेपुढचं आधी तयार होतं, पण ते बदललं एवढ्यावरून सगळं पुन्हा कंपाइल होत नाही. कोणाला खरंच पुन्हा कंपाइल करायचं, ते पुढे '.डी' फाइली बघतात.

आता बायसनचा नियम बघा. 'पार्सर.सी पार्सर.एच: पार्सर.वाय' असं लिहिलं असेल, तर मेकच्या लेखी ते दोन वेगळे नियम आहेत. '-जे' दिल्यावर बायसन एकाच वेळी दोनदा चालू शकतो आणि कंपायलरच्या हाती अर्धवट फाइल लागते. जीएनयू मेक ४.३ पासून, म्हणजे २०२० पासून, तिथे ':' ऐवजी '&:' लिहिता येतं; मग दोन्ही फाइली एकाच धावेत बनतात. मेकफाइलीत 'स्लीप' (काही सेकंद थांबायची आज्ञा) घालणारेही मी पाहिलेत. कृपया ते करू नका, दुसऱ्या मशीनवर ते टिकत नाही.

सबफोल्डरसाठी नुसतं 'मेक' लिहू नका, '$(मेक)' (मोठ्या अक्षरांत MAKE) हे व्हेरिएबल वापरा, म्हणजे आतलं मेकही त्याच आठ जागांच्या हिशोबात चालतं.

दुरुस्ती तपासायला मेक ४.४ मधला '--शफल' पर्याय उत्तम. तो कामांचा क्रम मुद्दाम विस्कटतो आणि बिल्ड फुटला तर कोणत्या सीडवर (ज्या आकड्यावरून तो क्रम ठरला त्यावर) फुटला ते छापतो. तोच सीड पुन्हा देऊन तोच क्रम आणता येतो. रात्रीच्या कोऱ्या बिल्डला हा पर्याय कायमचा लावून ठेवा.