फंगल बॉलला ‘गाठ’ म्हणावे का?

निपाणीकडच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. वडिलांच्या छातीच्या सीटी रिपोर्टमध्ये ‘फंगल बॉल इन ओल्ड कॅव्हिटी, एअर क्रिसेंट साइन’ असे लिहून आले. घरी ‘फुप्फुसात गाठ आहे’ असे सांगितल्यावर रडारड झाली. दवाखान्यातली कन्नड सिस्टर ‘बूष्टु’ म्हणाली. मराठीत नेमके काय म्हणावे? बुरशी की कवक?

आधी ‘गाठ’ काढून टाका. आपल्याकडे छातीत गाठ म्हटले की पुढचा प्रश्न ‘कॅन्सरची का?’ हाच असतो. शिवाय तशी गाठ शरीराच्याच पेशींतून वाढते, आणि इथे तसे काही झालेले नाही. टीबी बरा होतो, पण कधी कधी फुप्फुसात, बहुधा वरच्या भागात, पोकळी मागे ठेवून जातो. त्या पोकळीत ॲस्परजिलस जातीची बुरशी रुजते. तिचे तंतू, कफ आणि मेलेल्या पेशी यांचा गुंता होऊन सुटा गोळा बनतो. तेव्हा ‘जुन्या पोकळीतला बुरशीचा गोळा’ म्हणा. ‘कॅव्हिटी’ला ‘भोक’ही म्हणू नका. भोक म्हटले की फुप्फुसातली हवा बाहेर गळते आहे असे ऐकणाऱ्याला वाटते, आणि तो आजार निराळा.

गोळा सुटा आहे हे सीटीतच पाहता येते. माणूस उताणा झोपलेला असताना गोळा पोकळीत पाठीच्या बाजूला बसतो आणि त्याच्या वर हवेची बारीक कोर उरते. तीच ही ‘एअर क्रिसेंट’. मराठीत सरळ ‘हवेची चंद्रकोर’. त्याच माणसाला पालथे झोपवून तेवढ्याच भागाचे काही छेद (सीटीतली पातळ कापांची चित्रे) पुन्हा घेतले, तर गोळा छातीच्या बाजूला घरंगळतो आणि कोर पाठीकडे जाते. असा हलला तर बुरशीच्या गोळ्याचा संशय बराच पक्का होतो. हलला नाही म्हणून लगेच कॅन्सर ठरत नाही, कारण गोळा भिंतीला चिकटलेला किंवा पोकळी भरून टाकण्याइतका वाढलेला असू शकतो. पालथे छेद सगळीकडे आपण होऊन घेतले जात नाहीत, डॉक्टरांना विचारायला हरकत नाही.

काटेकोर रेडिओलॉजिस्ट इथे एक फरक करतात. जुन्या पोकळीतल्या गोळ्याभोवतीच्या हवेला ते ‘मोनॉड साइन’ म्हणतात. ‘एअर क्रिसेंट’ हे नाव ते दुसऱ्याच रोग्यासाठी राखतात: रक्ताच्या कॅन्सरच्या उपचारात ज्याच्या पांढऱ्या पेशी फार खाली गेल्या, बुरशी फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत घुसली, आणि पेशी पुन्हा वाढू लागल्यावर मेलेला भाग आकसून सुटला. तिथली कोर साधारण 2-3 आठवड्यांनी दिसते आणि ती सुधारणेची खूण मानतात. व्यवहारात रिपोर्टमध्ये दोन्हींना क्रिसेंटच लिहितात. मराठीत दोन्ही चंद्रकोरीच. फरक रोग्याच्या इतिहासात आहे.

‘साइन’ला मात्र ‘लक्षण’ म्हणू नका. खोकला, धाप, थुंकीतून रक्त पडणे ही लक्षणे, रोग्याला जाणवणारी. फिल्मवर दिसते ती ‘खूण’. एकच खूण दोन-तीन आजारांत दिसते, म्हणून खूण वाचून आजाराचे नाव ठरवायचे नसते.

बुरशीच्या रिपोर्टात येणारी आणखी एक खूण म्हणजे ‘हेलो साइन’. तिला काही जण ‘प्रभावळ’ म्हणतात. वाईट नाही, पण देवामागची प्रभावळ भक्कम, कोरीव असते. पावसाळ्यात चंद्राला पडते ते ‘खळे’ जास्त चपखल आहे: मधे घट्ट पांढरा ठिपका आणि भोवती धूसर कडे. ते कडे म्हणजे ठिपक्याभोवती झिरपलेले रक्त. ही रक्तवाहिन्यांत घुसणाऱ्या बुरशीची सुरुवातीची खूण, आणि ती काही दिवसांत विरते. म्हणून अशा रोग्याचा सीटी उशिरा केला तर हुकते. याच्या उलट, मधे धूसर आणि कडेने दाट, ते ‘उलटे खळे’. पांढऱ्या पेशी कमी असलेल्या रोग्यात ते दिसले तर म्युकरचा (‘काळी बुरशी’ म्हणून गाजलेल्या आजाराचा) संशय घेतात. टीबीतही ते दिसू शकते.

त्या धूसरपणाला रिपोर्टात ‘ग्राउंड ग्लास’ म्हणतात. मोबाइलवरचे भाषांतर ‘जमिनीची काच’ असे दाखवते, तिकडे लक्ष देऊ नका. ही घासून पांढुरकी केलेली काच, म्हणजे आपली दुधी काच. ओळखायची रीत अशी: पांढुरक्या भागातून रक्तवाहिन्यांच्या रेषा दिसत असतील तर दुधी काच, रेषा बुडाल्या असतील तर ‘कन्सॉलिडेशन’, ज्याला आपण ‘फुप्फुस भरून येणे’ म्हणतो. खळे नीट दिसायला 1 ते 1.5 मिलिमीटरचे पातळ छेद लागतात. 5 मिलिमीटरच्या छेदात कडा पुसट होतात. श्वास पूर्ण भरून धरला नाही तर निरोगी फुप्फुसही दुधी दिसते. बेळगावात यंत्रातून किंवा टेक्निशियनकडून ‘उसिरु हिडिरि’ ऐकू आले तर ‘श्वास रोखून धरा’ असे म्हणत आहेत, एवढे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आधीच सांगून ठेवा.

आता बुरशी की कवक. पाठ्यपुस्तकातले कवक यीस्ट आणि अळंब्यांनाही पोटात घेते. घरात मात्र ते कुणी बोलत नाही. भाकरी बुरसते, लोणच्यावर बुरशी येते, तीच जात इथे आहे, म्हणून बुरशी. सिस्टरचे ‘बूष्टु’ म्हणजेही हीच. कन्नड छापील कागदावर ‘शिलींध्र’ दिसले तर तोच अर्थ घ्या.

2021 पासून ‘काळी बुरशी’ तोंडात बसली आहे, ती इथे आणू नका. म्युकरमध्ये काळे पडते ते रक्तपुरवठा तुटून मेलेले मांस, बुरशी काळी नसते. शिवाय सीटीत हवा काळी दिसते. फिल्म उजेडाला धरून ‘केवढं काळं झालंय’ म्हणणारे नातेवाईक बहुधा चांगल्या फुप्फुसाकडे बोट दाखवत असतात.

‘मायसेटोमा’ हा रिपोर्टातला आणखी एक चकवा. तो शब्द मुळात पायाच्या ‘मदुरा फूट’ या रोगाचा, फुप्फुसातल्या गोळ्याला उसना दिलेला. गोळ्याचे काटेकोर नाव ‘ॲस्परजिलोमा’.

औषधाला ‘अँटिबायोटिक’ न म्हणता ‘बुरशीवरची गोळी’ म्हणा, कारण अँटिबायोटिकचा बुरशीवर उपयोग नाही. काहीच त्रास नसेल तर बुरशीच्या गोळ्यावर नुसते लक्ष ठेवतात. थुंकीतून रक्त पडले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. इट्राकोनॅझोलची कॅप्सूल दिली असेल तर ती जेवणाबरोबर घ्यायची, आणि ‘गॅसची गोळी’ चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगायचे, कारण पोटातले ॲसिड कमी झाले की ही कॅप्सूल नीट अंगी लागत नाही. व्होरिकोनॅझोलचे उलटे: जेवणाच्या एक तास आधी किंवा एक तास नंतर.