आपल्याच देशात आलो, मग मन का लागत नाही?

"मॅडम, आम्ही सरळ परक्या देशात गेलो असतो तर एवढा त्रास झाला नसता." ठाण्याहून इस्रायलमध्ये अश्दोदला गेलेल्या एका बाईंच्या पहिल्या मेलमधलं हे वाक्य. वय चाळिशीच्या आसपास, नवरा, तेरा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. मी समुपदेशक, त्या माझ्याकडे सल्ल्यासाठी आल्या. त्यांच्या संमतीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलून.

कुटुंब बेने इस्रायल या कोकणातल्या ज्यू समाजाचं. पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला फुटलं आणि वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपला समाज वाढला, ही कथा त्यांच्या घराघरांत सांगतात. ही माणसं कोकणात शेकडो वर्षं राहिली, घरात मराठी बोलली आणि प्रार्थनेत मात्र जेरुसलेमचं नाव घेत राहिली. 1950 च्या परतीच्या कायद्याने जगभरच्या ज्यूंना इस्रायलमध्ये येऊन स्थायिक होण्याचा हक्क दिला. समाजातली बहुतेक घरं तिकडे गेली. या बाईंचं घर उशिरा गेलं, एवढंच.

पूर्वजांच्या देशात जाणारी किंवा तिथून परतू पाहणारी अनेक कुटुंबं मला एकच विचारतात: आपल्या माणसांत आलो तरी परकं का वाटतं, आमचं काही चुकलं का? या बाईंचाही प्रश्न तोच होता.

पहिल्या दोन सत्रांत एक गोष्ट कानाला खटकली. प्रत्येक तक्रारीला त्या शेपूट जोडायच्या, "पण आता आपलंच आहे ना सगळं." शुक्रवारी दुपारनंतर बस बंद, बाजारहाट आधी उरकावा लागतो, पण आपलाच शब्बाथ (ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस) आहे ना. घरपट्टीचं पत्र वाचता येत नाही, पण आपलीच भाषा आहे ना. लहानपणापासून त्यांनी हिब्रू वाचली ती प्रार्थनेच्या पुस्तकात. तिथे अक्षरांखाली स्वरांच्या खुणा असतात. नगरपालिकेच्या पत्रात त्या खुणा नसतात, शब्द आधीच माहीत असावा लागतो. "देवाशी बोलता येतं आणि वीजबिल कळत नाही," असं त्या म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या.

माझ्या मते दुखण्याचं मूळ त्या शेपटात होतं. नोकरीसाठी जर्मनीला गेलेला माणूस फोनवर खुशाल कुरकुरतो आणि घरचे "कठीण आहे रे बाबा" म्हणतात. मूळ देशात 'परत' गेलेल्याला ही सोय नाही. ठाण्यातले नातेवाईक म्हणतात, एवढी हौस होती ना? तिकडचे म्हणतात, घरी आलीस, आता रडतेस कशाला? मग साध्या अडचणीसुद्धा कृतघ्नपणासारख्या वाटू लागतात. म्हणून एका सत्रात मी त्यांना सांगितलं, "आज नुसत्या तक्रारी सांगा. शेवटी 'पण' लावायचा नाही." सुरुवातीला अडखळल्या, मग पाऊण तास थांबल्या नाहीत.

त्या पाऊण तासात दवाखान्याची गोष्ट निघाली. पाळीचा त्रास वाढला म्हणून त्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर हिब्रू आणि रशियन बोलणाऱ्या. बाईंचं इंग्रजी जेमतेम, हिब्रू त्याहून कच्ची. सोबत मुलगा होता. डॉक्टरांनी त्यालाच विचारायला सुरुवात केली आणि तो मान खाली घालून आईचं अंगावरून जाणं किती दिवस, किती जास्त, हे सांगत राहिला. एका शब्दापाशी अडला, तर डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. बाहेर आल्यावर दोघं एकमेकांशी न बोलता बसथांब्यावर उभे राहिले. त्यानंतर बाई डॉक्टरांकडे गेल्याच नाहीत. दर महिन्याला गोळ्या मागवायच्या त्या ठाण्याहून येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून.

स्थलांतरित घरांत हे सर्रास होतं. मुलं भाषा पटकन उचलतात आणि घराचा कारभार त्यांच्या गळ्यात पडतो. त्या आठवड्यापासून आम्ही एकच नियम केला: आजार आणि पैसा या दोन बाबतींत मुलाला दुभाषा करायचं नाही. सिनेगॉगमधल्या (ज्यूंच्या प्रार्थनाघरातल्या), तीस वर्षं इस्रायलमध्ये असलेल्या एक मावशी दवाखान्यात सोबत यायला लगेच तयार झाल्या. त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

दुसरी गोष्ट वेळेची. पहिले सहा-सात महिने बरे गेले होते. सरकारकडून नव्या नागरिकांना मिळणाऱ्या मदतीचे हप्ते येत होते, हिब्रूचा वर्ग म्हणजे उल्पान चालू होता, तिथे सगळेच नवखे. हप्ते संपले, वर्ग संपला आणि त्या एका पाळणाघरात मदतनीस म्हणून लागल्या. ठाण्यात त्या मराठी शाळेत शिक्षिका होत्या. इथे बावीस वर्षांची पोरगी त्यांना नावाने हाक मारून लादी पुसायला सांगते. (इस्रायलमध्ये मुख्याध्यापकांनाही नावानेच हाक मारतात, हे कळूनही बोचायचं ते बोचतंच.) नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्वेर्रे लिसगार्ड यांनी 1955 साली अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेजियन अभ्यासकांबद्दल लिहिलं होतं. सहा ते अठरा महिने राहिलेल्यांचं बस्तान त्याहून कमी किंवा जास्त राहिलेल्यांपेक्षा कमी बसलेलं त्यांना दिसलं. हा आलेख सगळ्यांना लागू पडत नाही, पण आठव्या-नवव्या महिन्यात "आपलं चुकलं" असा निकाल देऊन टाकणाऱ्यांना मी तो आवर्जून सांगते.

तिसरं सत्र मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. त्यांच्या आडनावाच्या शेवटी 'कर' आहे, म्हणजे रायगड जिल्ह्यात त्यांच्या आडनावाचं एक गाव आहे. मी विचारलं, तिथे कधी गेला होतात? एकदाच, लग्नानंतर. कुणी ओळखलं? "छे! फोटो काढले, शहाळं प्यायलो, परत." वाईट वाटलं? नाही, कशाला वाटेल? मग मी म्हटलं, ज्या गावाचं नाव तुम्ही रोज सही करताना लिहिता, त्याने ओळख दाखवली नाही तर तुम्हाला चालतं. दोन हजार वर्षांपूर्वी सुटलेल्या देशाने विमानतळावरच ओळखायला हवं होतं का? त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "तिथे सगळे आम्हाला 'होदी' म्हणतात, इंडियन. आणि ठाण्यात लोक विचारायचे, तुम्ही मूळचे कुठले?"

घरात सगळ्यांत आधी कोण रुळलं असेल? सासूबाई. सगळ्यांना काळजी त्यांचीच होती. पण त्यांना शेजारी मराठी बोलणाऱ्या चौघी मिळाल्या, मलिद्याला (बेने इस्रायलींच्या नैवेद्याला) पोहे-खोबरं-गूळ मिळाला आणि देशाकडून त्यांना आणखी काही नकोच होतं.

कलाटणी दिली ती मात्र दक्षिण इस्रायलमधल्या दिमोना गावातल्या चुलत सासऱ्यांनी, माझ्या सल्ल्याने नव्हे. ते साठच्या दशकात गेलेले. बेने इस्रायलींच्या लग्नांना तिथल्या मुख्य धर्मपीठाने तेव्हा आडकाठी केली होती, वंशाची चौकशी करा म्हणून. 1964 च्या उन्हाळ्यात समाजाने जेरुसलेममध्ये धरणं धरलं, क्नेसेतने, म्हणजे इस्रायलच्या संसदेने, हे लोक सर्व अर्थांनी ज्यूच असल्याचं ठरावाने सांगितलं आणि धर्मपीठाला माघार घ्यावी लागली. त्याआधी, 1950 च्या दशकाच्या सुरुवातीलाच काहीजण आंदोलन करून मुंबईला परतले होते, त्यांतले काही पुढे पुन्हा इस्रायलला आले. काका म्हणाले, "अगं, आम्ही काय गप्प बसलो होतो? चांगली बोंब मारली. तू पण मार." माझ्या चार सत्रांचं काम त्यांनी एका वाक्यात केलं.

परत यावं का, हा प्रश्न आम्ही बंद केलेला नाही. फक्त तो भावनेतून काढून कागदावर आणला. इस्रायलचं नागरिकत्व घेतल्यावर भारताचं गेलं, पासपोर्ट जमा केल्याचं प्रमाणपत्र हातात आलं त्या दिवशी त्या रडल्या होत्या. दोर कापला गेला असं त्यांना वाटत होतं. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत देतो ते) काढलं तर भारतात हवं तितकं राहता येतं, नोकरी करता येते, घर घेता येतं. मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. हे कळल्यावर त्यांची झोप सुधारली. दार उघडं आहे म्हटल्यावर दाराकडे सारखं बघावं लागत नाही. मुलाचं शालेय वर्ष जूनमध्ये संपेल, तेव्हा पुन्हा बोलायचं ठरलं आहे. तोवर शिक्षकांसाठीच्या हिब्रू वर्गात नाव घातलं आहे.

नवऱ्याशी माझं अजून एकदाही बोलणं झालेलं नाही. इस्रायलला जायचा हट्ट त्यांचा होता आणि "मला काही त्रास नाही" हेही तेच म्हणतात. पुढच्या सत्राला येणार आहेत म्हणे. मागच्या सत्रालाही येणारच होते.