गरोदरपणात फ्लूची लस: आत्ता घ्यावी की सातव्या महिन्यात?

तुमचा प्रश्न असा: बाविसावा आठवडा चालू आहे, जून लागलाय, ऐरोलीहून ठाण्याला रोज लोकलने जाणं-येणं आहे. डॉक्टरांनी फाइलवर फ्लूची लस ‘ऐच्छिक’ म्हणून लिहिली आहे. सासूबाई म्हणतात, नसत्या सुया टोचून घेऊ नकोस. आणि नेटवर वाचलंत की ही लस ऑक्टोबरमध्ये घ्यायची असते.

माझं उत्तर: घ्या, आणि शक्य तर याच आठवड्यात घ्या.

ऑक्टोबरचा सल्ला इंग्लंड-अमेरिकेचा आहे. तिथे फ्लू थंडीत येतो. आपल्याकडे तो पावसाबरोबर येतो, जुलै ते सप्टेंबर हा त्याचा मोठा हंगाम, आणि जानेवारी ते मार्चमध्ये एक छोटी लाट असते. लस टोचल्यावर प्रतिकारशक्ती तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. म्हणजे आज घेतलीत तर जूनअखेरीस, ओल्या छत्र्यांनी भरलेल्या बंद खिडक्यांच्या डब्यात उभं राहायची वेळ येईपर्यंत, तुम्ही तयार असाल. ऑक्टोबरपर्यंत थांबलात तर तोवर बाळंतपणच आलेलं असेल.

डॉक्टरांत मतभेद दिसतात ते वेळेवरून. जागतिक आरोग्य संघटना कोणत्याही महिन्यात द्या म्हणते. आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या फॉग्सी या संघटनेच्या सूचनांत २६ आठवड्यांनंतर असं आहे. उशिरा देण्यामागे तर्क आहे: आईच्या रक्तातली प्रतिपिंडं वारेतून बाळाकडे जातात, आणि बाळंतपणाच्या जवळ घेतली तर बाळाला जास्त मिळतात. सहा महिन्यांखालच्या बाळाला फ्लूची लस देताच येत नाही, त्याला जे मिळतं ते आईकडूनच. पण तुमच्या बाबतीत चार आठवडे थांबणं म्हणजे ऐन जुलैत संरक्षणाशिवाय राहणं. तारीख ऑक्टोबरच्या सुरुवातीची असणार. आत्ता घेतलेल्या लशीचा वाटा बाळाला त्याच्या पहिल्या महिन्यांत मिळेलच. (पहिल्या तीन महिन्यांत बरेच डॉक्टर देत नाहीत. त्या काळात गर्भपात मुळातच जास्त होतात आणि झाला तर खापर लशीवर फुटतं, हे त्यामागचं व्यवहारी कारण. तुम्ही तो टप्पा ओलांडलाय.)

सासूबाईंची शंका उडवून लावू नका. त्यांना एवढंच सांगा की धनुर्वाताचं इंजेक्शन जसं गरोदरपणात घेतात, तशीच ही. यात जिवंत विषाणू नसतो, मारलेल्या विषाणूचे तुकडे असतात, त्यामुळे लशीने फ्लू होत नाही. उलट गरोदरपणी फ्लू झाला तर तो साध्या सर्दीसारखा जात नाही: गर्भाशय वर सरकून फुप्फुसांची जागा कमी करतं, हृदयावर आधीच ताण असतो, आणि न्यूमोनिया लवकर होतो. २००९ च्या स्वाइन फ्लूमध्ये गरोदर बायका सर्वात जास्त धोका असलेल्यांपैकी होत्या. ‘स्वाइन फ्लूची वेगळी लस’ शोधू नका, त्याचा एच१एन१ हा विषाणू याच लशीत धरलेला असतो.

लस पूर्ण कवच आहे असंही नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या २०११-१२ च्या चाचणीत आई आणि बाळ दोघांतही फ्लूचं प्रमाण साधारण निम्म्यावर आलं, एवढंच. माझ्या मते दंड दोन दिवस दुखण्याच्या बदल्यात हा सौदा चांगला आहे.

आता खरी चूक होते ती खोक्यावर. टोचायच्या आधी नर्सकडून खोकं हातात घ्या. त्यावर एक्सपायरीशिवाय हंगाम छापलेला असतो: साउदर्न हेमिस्फिअर (दक्षिण गोलार्ध) आणि साल, किंवा नॉर्दर्न हेमिस्फिअर (उत्तर गोलार्ध) आणि जोडसाल (जसं २०२४-२५). जूनमध्ये तुम्हाला चालू सालाची साउदर्न हवी, आपण उत्तर गोलार्धात असलो तरी, कारण पावसाच्या तोंडावर तीच सर्वात ताजी असते. गेल्या ऑक्टोबरात आलेल्या नॉर्दर्नची एक्सपायरी अजून उलटलेली नसते, म्हणून ती फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यातून काढून दिली जाऊ शकते. ती घातक नाही, फक्त स्ट्रेन (विषाणूचे प्रकार) जुने असू शकतात. चारऐवजी तीन स्ट्रेनची लस दिसली तर घाबरू नका. बी-यामागाता हा प्रकार मार्च २०२० नंतर आढळलेलाच नाही, म्हणून तो काढला जातोय. नाकात मारायचा स्प्रे (पुण्याच्या सीरमची नेझोव्हॅक) मात्र नको. त्यात जिवंत विषाणू असतो.

लस शक्यतो दवाखान्याच्याच फ्रिजमधली घ्या. मेडिकलमधून आणायचीच असेल तर २ ते ८ अंशांत राहायला हवी, आणि लोक इथे उलटी काळजी घेतात: बर्फाच्या पॅकला चिकटवून नेतात. गोठलेली लस वाया जाते. पॅकभोवती रुमाल गुंडाळा, खोकं मध्ये ठेवा, आणि थेट दवाखाना गाठा. खासगीत खर्च साधारण दीड ते अडीच हजार. राज्य सरकारने २०१५ मध्ये गरोदर महिलांसाठी ही मोफत सुरू केली होती, म्हणून आधी महापालिकेच्या प्रसूती ओपीडीत साठा आहे का विचारा.

०.५ मिली, दंडाच्या स्नायूत, एकच डोस. नंतर अर्धा तास तिथेच बसा. धनुर्वाताची सुई त्याच दिवशी असेल तर दुसऱ्या दंडात. आधीच्या फ्लू-लशीने मोठी अ‍ॅलर्जी आली असेल किंवा गियाँ-बारे (नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडण्याचा आजार) झाला असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. त्या दिवशी ताप असेल तर पुढे ढकला. अंड्याची अ‍ॅलर्जी आता अडसर मानत नाहीत. बॅच नंबर फाइलवर लिहून घ्या. पुढच्या गरोदरपणात पुन्हा घ्यावी लागेल.

कणकण आली तर पॅरासिटामॉल ५००, सहा तासांच्या अंतराने. कॉम्बिफ्लाम नको, त्यात आयबुप्रोफेन असतं, ते गरोदरपणात टाळतात. ताप दोन दिवसांवर गेला, किंवा खोकला आणि घसादुखी सुरू झाली, तर तो लशीचा नाही. तेव्हा रिपोर्टची वाट बघत बसू नका. गरोदर बाईला लक्षणांवरूनच ऑसेल्टामिविर हे फ्लूवरचं औषध सुरू करावं असं फ्लूच्या रुग्णांच्या सरकारी वर्गीकरणातही आहे. ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवस, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, आणि पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर सर्वात जास्त उपयोग. दम लागला, ऑक्सिमीटर ९४ च्या खाली गेला किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर गोळी-बिळी नाही, सरळ हॉस्पिटल.