वॅगन आरचं कूलंट घरच्या घरी फ्लश करून बदलता येईल का? आरओचं पाणी चालेल का?

बदलता येतं, आरामात येतं. आरओचं पाणी मात्र नको, त्याचं कारण खाली सांगतो.

तुम्ही लिहिलंय की गाडी २०१६ची आहे, सेकंड हँड घेतलीय, कूलंटच्या बाटलीत गढूळ तपकिरी पाणी दिसतंय, सर्व्हिस सेंटरवाल्याने बिलाचा मोठा आकडा सांगितलाय आणि गल्लीतला मेकॅनिक म्हणतोय कशाला खर्च करताय, साधं नळाचं पाणी टाका, काय होत नाही. तर आधी या मेकॅनिकचं बघू, कारण तो अगदीच चूक बोलत नाहीये, फक्त तो ज्या गाड्यांवर शिकला त्या गाड्या आता रस्त्यावर फारशा नाहीत. ॲम्बेसिडर, पद्मिनीच्या जमान्यात रेडिएटर तांब्या-पितळेचा असायचा, कसारा नाहीतर खंडाळ्याचा घाट चढताना गाडी तापली की बाजूला घ्यायची, बोनेट उघडायचं आणि डिकीतल्या कॅनमधलं पाणी ओतायचं. आतून क्षार धरले तर रेडिएटरवाल्याकडे द्यायचा, तो टाकी उकलून आत सळई फिरवून साफ करायचा, त्याला रॉडिंग म्हणायचे, अजूनही ट्रकवाले करून घेतात. तुमच्या गाडीचं इंजिन अ‍ॅल्युमिनियमचं, रेडिएटर अ‍ॅल्युमिनियमचा आणि त्याच्या टाक्या प्लॅस्टिकच्या, दाबून बसवलेल्या. त्याला रॉडिंग वगैरे काही नाही, चोंदला की सरळ नवीन. म्हणून आत काय ओततोय याला महत्त्व आलंय.

आपल्याकडे कूलंट गोठू नये म्हणून कोणी टाकत नाही, थंडीत लेह-लडाखला जाणारे सोडले तर. आपल्याला त्याचा उपयोग दोन गोष्टींसाठी, एक म्हणजे गंज न धरणं आणि दुसरं म्हणजे उकळी उशिरा येणं. पाणी १०० डिग्रीला उकळतं, अर्धं ग्लायकॉल (कूलंटमधलं मुख्य रसायन) अर्धं पाणी केलं की ते साधारण १०७ वर जातं, आणि रेडिएटरचं वरचं झाकण प्रेशर कुकरसारखं दाब धरून ठेवतं त्यामुळे प्रत्यक्षात सव्वाशेच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. यात ग्लायकॉल संपत नाही बरं का, संपतात ती त्यातली गंजविरोधी रसायनं, म्हणून जुनं कूलंट बाटलीत लेव्हलला दिसतं, रंगही कधी कधी बरा दिसतो, आणि तरी त्याच्यात दम राहिलेला नसतो. तुमचं तर तपकिरीच झालंय, म्हणजे आधीच्या मालकाने मध्ये कधीतरी नळाचं नाहीतर बोअरचं पाणी भरलेलं असणार.

आता मुख्य गोष्ट, जी घरी करणारे बरेच जण चुकवतात आणि खरं सांगायचं तर गॅरेजवालेही चुकवतात. रेडिएटर खालून उघडला की सगळं कूलंट बाहेर येत नाही. साधारण अर्धं येतं, बाकीचं इंजिन ब्लॉकमध्ये आणि हिटरच्या छोट्या रेडिएटरमध्ये अडकून राहतं. समजा तुमच्या मॅन्युअलमध्ये एकूण क्षमता ४ लिटर दिलीय (तुमचा आकडा तुम्ही बघा, मी हिशोबापुरता धरतोय) आणि खाली घमेल्यात आलं २.२ लिटर. म्हणजे १.८ लिटर, पंचेचाळीस टक्के, आतच. नुसतं हे काढून नवीन भरलं तर जवळजवळ निम्मं जुनंच राहिलं. म्हणून डिस्टिल्ड वॉटर भरून, इंजिन चालवून, थंड करून परत काढायचं. एका फेरीनंतर जुनं २० टक्के उरतं, दुसऱ्या फेरीनंतर ९, तिसरीनंतर ४. दोन फेऱ्यांत काम होतं, तुमच्यासारखं गढूळ असेल तर तीन करा, बाहेर येणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत.

आणि इथेच खरी गोम आहे. शेवटच्या फेरीनंतर आत जे १.८ लिटर राहिलंय ते आता कूलंट नाही, पाणी आहे. त्यावर दुकानातून आणलेलं रेडी टू यूज कूलंट, जे आधीच अर्धं पाणी असतं, ते २.२ लिटर ओतलं तर ग्लायकॉल झालं १.१ लिटर, ४ लिटरमध्ये, म्हणजे जेमतेम २७-२८ टक्के. डब्यावर ५०-५० लिहिलंय आणि गाडीत त्याच्याही जेमतेम निम्मं! गोठण्याचा प्रश्न आपल्याला नाही, पण गंजविरोधी रसायनं पण त्याच प्रमाणात पातळ झाली ना. म्हणून फ्लश करणार असाल तर कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं कूलंट, घ्या. एकूण क्षमतेच्या निम्मं, म्हणजे ४ लिटरला २ लिटर कॉन्सन्ट्रेट आधी ओतायचं आणि वरची जागा डिस्टिल्ड वॉटरने भरायची, आतलं पाणी आणि हे मिळून बरोब्बर अर्धं-अर्धं होतं. जास्त घट्ट केलं तर जास्त चांगलं असं अजिबात नाही, नुसतं ग्लायकॉल पाण्यापेक्षा उष्णता कमी वाहून नेतं, ६० टक्क्यांच्या वर जायचं काही कारण नाही. कॉन्सन्ट्रेट मिळालंच नाही तर रेडी मिक्स भरा, गाडी फिरवा, परत काढा आणि परत रेडी मिक्सच भरा, मग ४० टक्क्यांपर्यंत येतं, पण त्यात दोन लिटर चांगला माल वाया घालवावा लागतो, मला ते परवडत नाही.

कुठलं घ्यायचं? रंगावर जाऊ नका. हिरवा, निळा, गुलाबी, लाल, हे कंपनीने घातलेले रंग आहेत, सगळ्या कंपन्यांना बांधलेला असा एक नियम नाही, दोन हिरवी कूलंट आतून पूर्ण वेगळी असू शकतात. मॅन्युअलमध्ये जो प्रकार लिहिलाय तो बघा, नाहीतर मारुतीच्या जेन्युइन स्पेअरच्या दुकानात मॉडेल आणि वर्ष सांगून घ्या. वेगवेगळ्या प्रकारची मिसळ करू नका, काही जोड्या आत गाळ धरतात.

पाणी डिस्टिल्डच. आरओच्या पाण्यात क्षार कमी होतात, जात नाहीत, उलट चवीसाठी बरीच मशिनं मिनरल परत घालतात. बॅटरीच्या दुकानात ५ लिटरचा सीलबंद कॅन मिळतो, इंजिन ऑइलच्या मानाने फारच स्वस्त. फक्त मागताना "डिस्टिल वॉटर" म्हणूनच मागा, "बॅटरीत टाकायचं द्या" असं मोघम बोलू नका, त्याच दुकानात ॲसिडही मिळतं. तीन फेऱ्या धरून दोन-तीन कॅन लागतील. पहिल्या फेरीला नळाचं चालेल असं लोक म्हणतात, चालेल पण, मी नाही वापरत, आमच्याकडे बोअरचं पाणी बादलीवर पांढरा थर धरतं.

आता काम. इंजिन पूर्ण थंड पाहिजे, रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी घ्या. गरम इंजिनचं झाकण उघडू नका म्हणजे नकाच, चिंधी धरून पाव वळण वगैरे जे दाखवतात तेही नको, आत दाबाखाली शंभर डिग्रीच्या वरचं पाणी असतं, झाकण सुटलं की ते थेट तोंडावर येतं. चावी खिशात ठेवा, कारण इग्निशन चालू राहिलं तर फॅन मध्येच सुरू होऊ शकतो आणि तुमचा हात तिथेच असतो. गाडीखाली जायचं असेल तर नुसत्या जॅकवर जाऊ नका, स्टँड लावा. माझ्या अनुभवाने छोट्या गाड्यांत खालचं प्लॅस्टिकचं कव्हर काढून, बाजूने हात घालून भागतं.

रेडिएटरच्या खालच्या कोपऱ्यात प्लॅस्टिकचा ड्रेन प्लग असतो. हाताने नाहीतर हलक्या हाताने पक्कड लावून फिरवा, जोर लावू नका, उन्हातापात तो खडखडीत झालेला असतो. हात पोचत नसेल किंवा हलतच नसेल तर सोडून द्या आणि खालचा जाड होज पाइप काढा. त्याच्या क्लिपचे दोन कान पक्कडीने दाबून क्लिप मागे सरकवायची. पाइप चिकटलेला असणार, सात-आठ वर्षं कोणी हात लावलेला नसतो. ओढू नका, आधी मुठीत धरून डावीकडे-उजवीकडे पिळा, एकदा चर्रकन सुटला की फिरायला लागतो, मग ओढा. स्क्रूड्रायव्हर घुसवून उचकटायचा मोह फार होतो, पण पाइप ज्या नळीवर बसतो ती रेडिएटरच्या टाकीचीच प्लॅस्टिकची नळी आहे, तिला तडा गेला तर वाचवलेले सगळे पैसे रेडिएटरवाल्याला. पाइप सुटला की पाणी धारेने नाही, भस्सकन येतं, घमेलं मोठं घ्या.

जे आलं ते मापाने मोजा आणि लिहून ठेवा, वरचा सगळा हिशोब त्या आकड्यावर आहे. बाटली, म्हणजे रिझर्व्ह टँक, तीही काढून साबणाच्या पाण्याने धुवा, खरा गाळ तिथेच बसलेला असतो. इथे नीट बघा एकदा. तेलाचा तवंग किंवा कॉफीच्या रंगाचा चिकट लगदा असेल तर थांबा, ते हेड गॅस्केट (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) गेल्याचं लक्षण असू शकतं, ऑइलच्या झाकणाखालीही बघा. आणि पिवळसर, तंतू-तंतू असलेला गाळ निघाला तर आधीच्या मालकाने गळती थांबवायला हळद टाकलेली असू शकते, हसू नका, हायवेवर हा उपाय खरंच करतात आणि ती तात्पुरती गळती थांबतेही, मग तीच हळद हिटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसते. असं निघालं तर फ्लशच्या आधी गळती कुठे आहे ते शोधा, नाहीतर साफ केल्यावर ती परत सुरू होणार.

फ्लशची फेरी अशी: प्लग (किंवा काढलेला पाइप) परत लावा, डिस्टिल्ड वॉटर हळूहळू भरा, झाकण लावा, हिटरचा नॉब पूर्ण गरमवर, एसी बंद (एसी चालू असला की फॅन तसाही फिरतो, मग इंजिन खरंच तापलं की नाही ते कळत नाही), इंजिन सुरू करून फॅन स्वतःहून लागेपर्यंत चालवा. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापलं की रेडिएटरकडची वाट उघडणारा व्हॉल्व्ह, साधारण ८२ ते ८८ डिग्रीला उघडतो, तोपर्यंत ब्लॉकमधलं पाणी रेडिएटरमध्ये येतच नाही, म्हणून पाच मिनिटं चालवून बंद केलं तर फ्लश झालाच नाही. मग बंद करून पूर्ण थंड होऊ द्या. गरम इंजिनमध्ये गार पाणी ओतायचं नाही, हेडला तडे जातात. सगळा वेळ या थंड होण्यात जातो, म्हणून शनिवार-रविवार दोन्ही धरा. बाजारात फ्लशिंगचं लिक्विड मिळतं, खूप गंज असेल तर अ‍ॅल्युमिनियमला चालतं असं लिहिलेलं घ्या, कॉस्टिक सोड्याचे घरगुती उपाय मात्र अ‍ॅल्युमिनियमला खाऊन टाकतात.

शेवटचं भरणं झालं की हवा काढणं, यात घाई करू नका. गाडीचं तोंड थोडं चढावर ठेवा, सोसायटीचा रॅम्प असेल तर उत्तम. झाकण उघडं ठेवून, नरसाळं लावून, गार इंजिन सुरू करा आणि वरचा पाइप मधूनमधून हाताने दाबत राहा. बुडबुडे येत राहतात, मग एका क्षणी थर्मोस्टॅट उघडतो आणि नरसाळ्यातली लेव्हल एकदम गुडुप खाली जाते, तिथे भर घालायला हातात मिश्रण तयार ठेवा. वरचा पाइप हाताला चटका बसेल इतका गरम झाला, हिटरमधून गरम हवा आली आणि बुडबुडे थांबले की झालं, झाकण लावा. तोवर पाणी उसळून वर यायला लागलं तर इंजिन बंद करून थंड होऊ द्या आणि पुन्हा करा. हिटर थंडच राहिला तर आत हवा अडकलीय. बुडबुडे अर्धा तास थांबतच नसतील तर परत गॅस्केटचा संशय, मग मेकॅनिकच. झाकणाचं रबर कडक झालेलं असेल तर नवीन झाकण टाका, स्वस्त वस्तू आहे. आणि कोणी "थर्मोस्टॅट काढून टाकू, गाडी तापणार नाही" म्हणालं तर नको म्हणा, इंजिन कायम गार चालतं, अ‍ॅव्हरेज पडतो आणि झीज वाढते.

निघालेलं जुनं कूलंट पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नका. ते गोड असतं आणि विषारी असतं, पार्किंगमधली कुत्री-मांजरं चाटतात आणि त्यांची किडनी जाते, लहान मुलांचंही तेच. सांडलेलं लगेच पाणी मारून, माती टाकून पुसा. गटारात किंवा झाडाला ओतू नका, रिकाम्या ऑइल कॅनमध्ये भरून वर मोठ्या अक्षरात लिहा आणि जिथे सर्व्हिसिंग करता तिथे हे घेतात का ते विचारा.

दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिनवर बाटलीतली लेव्हल बघा, थोडी खाली गेलेली असतेच, अर्ध्या-अर्ध्या मिश्रणाने लो आणि फुलच्या मध्ये आणा. पुढचा आठवडाभर रोज बघा. दोन-तीन दिवसांत स्थिर झाली तर ठीक, रोज उतरत राहिली तर आधी तुम्ही काढलेला पाइप आणि क्लिप बघा, मग वॉटर पंपाच्या खाली रंगीत डाग दिसतोय का ते.