पहिल्या पगाराचा दशमांश

सलाम भाऊ, दशमांश म्हणजे कमाईचा दहावा भाग चर्चमध्ये देवाला देणं. पहिला पगार झाला की "दशमांश हातात आलेल्या रकमेवर की एकूण पगारावर?" हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. तो हिशेब सध्या बाजूला ठेव. सुरुवातीला एवढंच कर:

- पगार होताच अर्पणाचा भाग आधी वेगळा काढ. बायबलमध्ये 1 करिंथ 16:2 मध्ये पौलही आठवड्याच्या पहिल्याच दिवशी भाग बाजूला काढून ठेवायला सांगतो. मी महिनाअखेर उरेल ते द्यायचो. उरायचं काय, तर सुटे वीस रुपये. पाकिटावर पेन्सिलीने 'अर्पण' लिहून डब्यात ठेवायला लागलो, तेव्हा कुठे जमलं.
- कर्ज काढून देऊ नकोस. आईचं औषध थांबवून तर मुळीच नाही. बायबलमध्ये मार्क 7 मधलं 'कुर्बान' वाच: 'हे देवाला अर्पण केलंय' म्हणत आईबापांना मदत नाकारणाऱ्यांना येशू तिथे खडसावतो.
- "हजार दे, दहा हजार मिळतील" म्हणणाऱ्यापासून लांब राहा. ती लॉटरी झाली.

दहा टक्के झेपत नसतील तर तीनने सुरू कर. आमच्याकडे हंगामाच्या उपासनेत, म्हणजे पिकासाठी देवाचे आभार मानतो तेव्हा, एक आजी दरवर्षी चार अंडी आणते. अर्पण म्हणून आलेल्या वस्तूंच्या लिलावात त्यांवरच सगळ्यात जास्त बोली लागते!

आणि हो, शेजाऱ्याने अर्पणाच्या थैलीत किती टाकले ते बघू नकोस. (मी अजून बघतो.)