स्पीड स्केटिंग करणाऱ्या मुलांच्या पायातली ताकद कोणत्या वयात वाढते? माझा मुलगा १२ वर्षांचा आहे, कोच म्हणतात याच्या पायात पॉवरच नाही. जिम लावू का?

बारा वर्षांच्या पोराच्या पायात पॉवर नसतेच हो! कुठून येणार? मुलांची उंची सगळ्यात झपाट्याने वाढते साधारण १४ च्या आसपास, मुलींची १२ च्या, आणि पायातली खरी ताकद त्यानंतर सहा महिने-वर्षाने जोर धरते. त्यातही दोन-दोन वर्षं मागेपुढे होतं. म्हणजे एकाच एज ग्रुपमध्ये मिशी फुटलेला आणि अजून दुधाचे दात पडतायत असा, दोघं एकाच स्टार्ट लाइनवर उभे असतात आणि कोच म्हणतात याच्यात टॅलेंट आहे, त्याच्यात नाही.

हे मी इतकं चिडून लिहितेय कारण आमच्या कोचना हीच सवय होती. दर महिन्याला उडीची टेस्ट. बोटांना खडू लावायचा, भिंतीला चिकटून हात वर करून एक खूण करायची, मग जागेवरून उडी मारून दुसरी, आणि सर पट्टीने मधलं अंतर मोजून वहीत लिहिणार. त्या वहीवरून कोण स्प्रिंट करणार, कोण रिलेत, आणि कोणी नुसते लांबचे लॅप मारत बसायचं ते ठरायचं. मी कायम तळाला. माझी एक मैत्रीण कायम पहिली, ती माझ्याहून डोकंभर उंच होती, पाळी सुरू झालेली, मांड्या भरलेल्या. मी तेराव्या वर्षीही काडी. सर सगळ्यांसमोर म्हणाले, हिच्या पायात दम नाही, हिला स्प्रिंटला उभं करू नका.

पुढे काय झालं सांगते. मी उशिरा वाढले आणि वाढले तेव्हा एकदम वाढले. लांबचे लॅप मारून मारून गुडघे वाकवून खाली बसून स्केट करायची सवय मला आधीच लागलेली होती, त्यात ताकद आली, आणि सतराव्या वर्षी मी त्याच वहीतल्या पहिल्या तिघींच्या पुढे होते. मैत्रिणीचं उलटं झालं. मुलींची ताकद पंधरा-सोळाला बऱ्याचदा थांबल्यासारखी वाटते, वजन मात्र वाढत असतं, त्यामुळे किलोमागे पॉवर वाढेना. अशा वेळी व्यवस्थित स्ट्रेंग्थ ट्रेनिंग द्यायचं असतं. सरांनी सांगितलं वजन उतरव. तिने जेवण अर्ध्यावर आणलं, पाळी बंद झाली, नडगीच्या हाडाला बारीक फ्रॅक्चर झालं आणि तिने स्केट्स कायमचे काढून ठेवले. सर अजूनही भेटले की म्हणतात, तिच्यात जिद्द कमी पडली. जिद्द नाही सर, जेवण कमी पडलं!

बरं, तुमचा प्रश्न. जिम लावा, पण माणूस नीट शिकवणारा हवा. वजनं उचलल्याने उंची खुंटते ही थाप आहे. फक्त या वयात मांड्या फुगतील अशी अपेक्षा ठेवू नका, आत्ता जी ताकद वाढते ती मेंदूने स्नायूंना नीट कामाला लावल्यामुळे. त्यामुळे आत्ता खरा फायदा पोझिशनचा. खाली बसलं की मांडीचा स्नायू सतत आवळलेला राहतो, रक्त पुरेसं पोचत नाही, आग होते, म्हणून पोरं हळूच उठतात, आणि उठलं की पुश आखूड होतो आणि वारा छातीवर. आरशासमोर ड्राय स्केटिंग (स्केट्स न घालता स्केटिंगच्या हालचाली), लो वॉक (गुडघे वाकवून खाली बसूनच चालणं), स्लाइड बोर्ड (गुळगुळीत फळीवर या कडेपासून त्या कडेपर्यंत घसरणं). कंटाळवाणं आहे पण हेच करा. पॉवर आली की ती याच साच्यात ओतली जाणार.

आणि घाई कसली आहे? जपानची स्पीड स्केटर नाओ कोदाइरा 2010 च्या ऑलिम्पिकला 500 मीटरमध्ये बारावी होती, 2014 ला पाचवी. मग नेदरलँड्सला जाऊन दोन वर्षं ट्रेनिंग केलं आणि 2018 ला 36.94 सेकंदात गोल्ड, वय 31. तेही स्प्रिंटमध्ये, जिथे म्हणे तरुण पायच लागतात. जर्मनीची क्लॉडिया पेचस्टाइन तर 2022 च्या ऑलिम्पिकला पन्नाशीला टेकली असताना मास स्टार्टच्या (सगळे एकदम सुटतात ती लांबची रेस) फायनलमध्ये नववी आली.

आता कोणीतरी कमेंटमध्ये अमेरिकेचा जॉर्डन स्टोल्झ काढणारच, की त्याने 2023 ला अठराव्या वर्षी एकाच वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये 500, 1000 आणि 1500 तिन्ही जिंकल्या. जिंकल्या ना. अठराव्या वर्षी, बाराव्या नाही.

हां, एक राहिलं. उशिरा वाढणारं प्रत्येक पोर पुढे जातंच असं नाही, काहींच्या पायात वीस वर्षांचे झाले तरी स्प्रिंट नसतो, मग लांबच्या रेस आहेत. आणि उंची वाढायच्या काळात गुडघ्याच्या वाटीखाली टेंगूळ येऊन दुखायला लागलं तर उड्या कमी करा आणि डॉक्टरांना दाखवा, सहन कर म्हणू नका.

तुमच्या कोचना एवढंच विचारा की ग्रुपमधल्या प्रत्येक पोराची उंची ते दर तीन महिन्यांनी लिहून ठेवतात का. नुसती उडी लिहीत असतील तर ती वही त्यांनाच ठेवू दे.