जुन्या व्हॉल्व्ह रेडिओच्या सुट्या भागांतून अ‍ॅम्प्लिफायर बनवता येईल का? परभणीत भाग कुठे मिळतील?

येईल. पण आधी रेडिओतल्या व्हॉल्व्हचे नंबर वाचा. ईसीसी८३ (सिग्नल वाढवणारा) आणि ईएल८४ (स्पीकर चालवणारा आउटपुट व्हॉल्व्ह) निघाले तर नशीब. दोन्हींचा हीटर (व्हॉल्व्ह आतून तापवणारी तार) ६.३ व्होल्टवर चालतो. नंबर 'यू'ने सुरू होत असेल (यूएल८४ वगैरे) तर हीटर सिरीजमध्ये असतात आणि चेसीसला (धातूच्या सांगाड्याला) थेट मेन्स, म्हणजे घरातली वीज, लागलेली असू शकते. नवख्याने त्या वाटेला जाऊच नये.

जुन्या मेणकागदी कपॅसिटरचा मोह नको. आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवरचा (सिग्नल आत घेणाऱ्या जाळीवरचा) कपलिंग कपॅसिटर गळका असला, म्हणजे डीसी पुढे सोडू लागला, की व्हॉल्व्ह लाल होतो, मग ट्रान्सफॉर्मरही जातो. माझा असाच गेला. तिथे ०.०२२ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टचा नवा फिल्म कपॅसिटर टाका. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरही नवेच घ्या.

व्हॉल्व्ह भंगारवाल्याकडे किंवा छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या रेडिओ मेकॅनिकांकडे विचारा, बाकी मुंबईचा लॅमिंग्टन रोड. आउटपुट ट्रान्सफॉर्मर मात्र गावातला रिवाइंडिंगवालाही बांधून देईल: ईएल८४ एकटा असेल तर सुमारे ५ किलोओहम ते ८ ओहम. कोअरमध्ये कागदाची फट ठेवायला बजावून सांगा. मोटार रिवाइंडिंगवाले कोअरचे पत्रे सवयीने उलटसुलट भरतात, फट उरत नाही, मग डीसीने कोअर सॅच्युरेट होऊन (चुंबकत्वाने भरून जाऊन) बेस गायब!

पहिल्यांदा चालू करताना मेन्सच्या सिरीजमध्ये ६० वॅटचा पिवळा बल्ब (फिलामेंटचा, एलईडी नव्हे) लावा. एचटी (व्हॉल्व्हला लागणारा उच्च डीसी व्होल्टेज) २५० व्होल्टच्या वर असते, तेव्हा फिल्टर कपॅसिटरवर २२० किलोओहम, २ वॅटचा ब्लीडर (साठलेला चार्ज उतरवणारा रेझिस्टर) हवाच. लाइट गेली म्हणून लगेच आत हात घालू नका, आधी मीटर लावा.